आधी जिंकू, मग सोडू

"वकीलबाय, आता ही केस आपण हरायची."

माझ्या आजवरच्या वकिलीत असं सांगणारा अशील मला एकच भेटला, आणि तेही खालच्या कोर्टात चांगली जिंकून दिल्यावर. दत्ताराम जोगळे त्यांचं नाव. देवरूखच्या कोर्टाच्या आवारात त्यांना सगळे 'सम्राट' म्हणायचे. आमचा कारकून तर तारीख लिहून घेताना "सम्राटांची कधीची घेऊ?" असंच विचारायचा. त्यांना या नावाचा राग यायला हवा होता. तो येत नसे, उलट ते खूश व्हायचे, आणि मला वाटतं तिथूनच माझी चिडचिड सुरू झाली.

दत्ताराम बांधकाम खात्यात रस्त्यावर मुकादम होते. खड्डे बुजवणं, गटारं उपसणं, पावसात दरड आली की रात्रंदिवस उभं राहून ती काढून घेणं, हे त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाले तरी खात्याची खाकी पँट सुटली नाही. वर पांढरा शर्ट, काखेत बारा महिने छत्री. माझ्या ऑफिसात आले की खुर्चीवर बसायचे नाहीत. खिडकीशी उभे राहून खालचा रस्ता बघत बसायचे, म्हणजे उभ्या उभ्याच, आणि मी महत्त्वाचं काही सांगत असले की मधेच म्हणायचे, "डांबर गार झाल्यावर वतलान बगा. एका पावसात उखडणार." मी कागद मिटून घ्यायची. त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही.

हातात एक पिशवी असायची. तीत कधी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, कधी भाजलेले काजू, कधी परसातली केळी. ती कोर्टात सगळ्यांना वाटायचे. पट्टेवाला, टायपिंगवाला, मी, आणि प्रतिवादीचा वकीलसुद्धा. मी एकदा स्पष्ट सांगितलं, की निदान समोरच्या वकिलाला तरी आठळ्या देऊ नका, बरं दिसत नाही. त्यावर ते म्हणाले, "का? त्यो काय प्रतिवादी हाय?"

आता हे 'सम्राट' नाव कुठून आलं, म्हणजे या माणसाचा आणि सम्राट अशोकाचा संबंध काय, ते सांगते.

'सम्राट अशोकाने रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलानं शाळेत पाठ केलेलं आहे. आपण ते परीक्षेत लिहिलं, गुण घेतले आणि विसरलो. दत्तारामांनी ते नेमणुकीचा हुकूम असल्यासारखं घेतलं. त्यांच्या सांगण्यानुसार, चौथीत असताना गुरुजींनी विचारलं, अशोकानं काय केलं? गंगाराम म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ, तो मागच्या बाकावर. त्याला काही आलं नाही. दत्ताराम उभे राहिले आणि हे वाक्य घडाघडा म्हणाले. गुरुजींनी पाठ थोपटली. "तेवडीच माजी पाठ थोपटल्यानी कोणी," असं ते हसत सांगायचे. पुढं रस्त्यावरच नोकरी लागली आणि आपल्या हद्दीतली वडाची, आंब्याची जुनी झाडं त्यांच्या ताब्यात आली. बुंध्याला चुना आणि गेरूचे पट्टे मारायचे काम मजुरांचं, पण हे स्वतः ब्रश घेऊन बसायचे. प्रत्येक वड अशोकानंच लावलाय अशा थाटात ते त्याच्याकडे बघत. मी एकदा म्हटलं, "अहो, ही इंग्रजांच्या वेळची झाडं असतील." तर म्हणाले, "आसूदे. सांगून कुनी गेला आसंल ना त्यांना?"

मुलगा नालासोपाऱ्याला. त्याच्याकडे गेले असताना यांना कुणी सांगितलं की अशोकाचा कोरलेला दगड तिथेच सोपाऱ्यात सापडला होता. झालं. दोन दिवस मुलाला घेऊन गल्लोगल्ली दगड शोधत हिंडले. मग कळलं, दगड मुंबईला संग्रहालयात आहे. तिथंही गेले. परत आल्यावर मला सांगत होते, "तुटलाय वो. येवडासा तुकडा ऱ्हायलाय. बाकीचा कुणीतरी गडग्याला लावलान आसंल." आमच्याकडे हद्दीला दगडांचा गडगा रचतात, आणि त्यात देवाचे जुने पाषाणसुद्धा लावून मोकळे होतात, तेव्हा त्यांचा संशय अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

मग महामार्ग रुंद करायचं काम निघालं आणि ती सगळी झाडं पडली. दत्ताराम तोवर निवृत्त झालेले होते. झाडं तोडली त्या दिवशी ते तिथं जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, अर्जफाटे केले नाहीत. तोडणाऱ्यांकडून वडाच्या चांगल्या मनगटाएवढ्या फांद्या मागून घेतल्या, टेम्पोत घालून घरी आणल्या आणि घरासमोरच्या पाणंदीला लावल्या. दुतर्फा.

इथंच घोळ झाला. ती पाणंद म्हणजे वाडीच्या विहिरीकडे जाणारी वाट. तिच्या एका बाजूला दत्तारामांचं घर, दुसऱ्या बाजूला गंगारामचं. दोन्ही घरांची तोंडं समोरासमोर. म्हणजे एका बाजूची झाडं स्वतःच्या जमिनीत आणि दुसऱ्या बाजूची चुलतभावाच्या. विचारायची पद्धत नाही. सम्राट कुणाला विचारतो?

गंगाराम मुंबईला गिरणीत आणि नंतर वॉचमनकीत आयुष्य काढून गावी आलेला, ठेंगणा आणि तोंडाळ माणूस. तो सकाळी उठला, समोर वडाच्या फांद्यांची रांग बघितली आणि भडकला. पुढं उलटतपासणीत तो जे म्हणाला ते मला अजून आठवतं. "आंबा लावावा, फणस लावावा, रतांबा लावावा. घराच्या जोत्याला लागून वड कोण लावतो? त्याची मुळं माज्या वटीवर येतील उद्या!" मी दत्तारामांची वकील, पण मला त्याचं शंभर टक्के पटत होतं. संपूर्ण खटल्यात हीच माझी अडचण होती.

त्यानं आपल्या बाजूच्या फांद्या उपटल्या आणि दत्तारामांच्या अंगणात नेऊन टाकल्या. दत्तारामांनी त्या पुन्हा लावल्या. त्यानं पुन्हा उपटल्या. दोघांत शिवीगाळ झाली, आजोबापणजोबांचा उद्धार झाला आणि एकाच ताटात जेवून वाढलेल्या दोन भावांचं बोलणं बंद झालं. दत्ताराम माझ्याकडे आले ते ठरवूनच, की ती पलीकडची पट्टी आपल्या मालकीची आहे असा दावा लावायचा.

गंगारामच्या बाजूची एकच फांदी वाचली. विहिरीच्या तोंडाशी लावलेली. कारण पूर्वी वाडीतल्या बायका वटपौर्णिमेला महामार्गावरच्या वडाला जायच्या आणि तो तर रस्त्यात गेला. त्या वर्षी त्यांनी शोधाशोध केली आणि विहिरीपाशी ही मनगटाएवढी फांदी, चार पानं फुटलेली, दिसली. त्यांनी तिलाच सूत गुंडाळलं. पहिली पूजा गंगारामच्या बायकोची. कोर्टात मी त्याला विचारलं, "बाकीची उपटलीत, मग ते एक का ठेवलंत?"

"बायको पुजते."

न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाची बायको?"

"माजीच. दुसऱ्याची आस्ती तं उपटलं नसतं व्हय!"

कोर्ट हसलं. दत्तारामही हसले, आणि हसताना त्यांनी पटकन गंगारामकडे बघितलं. गंगाराम खाली बघत होता.

त्यांच्या वाडीतून देवरूखला सकाळची एसटी एकच. त्यामुळं तारखेला वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीनं यायचे. दत्ताराम पुढं खिडकीशी, गंगाराम मागच्या दाराशी. उतरले की एकाच हॉटेलात वेगवेगळ्या टेबलांवर चहा. कोर्ट आटोपलं की एकाच गाडीनं परत. पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन दोघं दिवसभर देवरूखात घालवायचे, कारण परतीची गाडी दुपारनंतर. एकदा मी स्टँडवर होते. गाडी सुटायची वेळ झाली, कंडक्टरनं घंटी मारली आणि दत्ताराम दारातल्या पायरीवर एक पाय खाली सोडून उभे राहिले.

"आवो, जरा थांबा. अजून यक मानूस यायचाय."

"कोण माणूस?" कंडक्टर वैतागला.

"हाय यक."

गंगाराम लघवीला गेला होता. तो आला, यांच्याकडे न बघता चढून मागं बसला, आणि हे पुढं जाऊन बसले. पुढच्या तारखेला मी छेडलं, "काय हो, शत्रूसाठी गाडी थांबवता?" तर म्हणाले, "प्रतिवादीच नसला तं दावा कुनावर चालवू?" त्यांच्या तोंडून अशी उत्तरं इतकी सरळ यायची, की हसावं की डोक्यात वरवंटा घालावा ते कळायचं नाही.

हे बघून मला वाटलं, तडजोड सोपी आहे. दोघांनाही एकमेकांशिवाय करमत नाही हे आंधळ्यालाही दिसत होतं. लोकअदालतीत प्रकरण ठेवू, एकानं एक पाऊल मागं घ्यायचं, दुसऱ्यानं एक, संपलं. मी दत्तारामांना बसवून, म्हणजे उभं राहू देऊनच, समजावलं. "तुम्ही अशोकाचे भक्त ना? त्यानं युद्ध सोडलं. तुम्ही दावा सोडा."

"सोडनार ना. सोडनारच हाय."

"मग आजच सोडा."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच अडाणी. "वकीलबाय, अशोकान कलिंग सोडलान ता कधी? जिंकल्यावर. हरला आस्ता आनि मंग म्हनला आस्ता, मी सोडलं, तं लोक काय म्हनले आस्ते? हरला म्हनले आस्ते. हरलेल्याच्या सोडन्याला कोन सोडनं म्हनतो? आपण आधी जिंकू, मग सोडू. मंग गंग्याच्या हातात जागा देईन, वाडीदेखत. म्हनेन, घे, तुजी हाय."

"आणि मग तो तुमच्याशी बोलेल?"

"बोलंल तं," असं म्हणून ते खिडकीकडे वळले. खटला त्यांना जागेसाठी नको होता, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. त्यांना गंगाराम परत हवा होता, पण जिंकलेल्या माणसाच्या उंचीवरून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही जळायला तयार नव्हता. मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, ओरडले, दुसरा वकील बघा म्हटलं. ते शांतपणे पिशवीतून केळी काढून टेबलावर ठेवून निघून गेले.

तारखा पडत राहिल्या. अशी तीन-चार वर्षं गेल्यावर एका दिवशी माझा तोल गेला. साक्षीदार आला नव्हता, न्यायाधीश चिडले होते, पाऊस कोसळत होता, आणि हे खिडकीशी उभं राहून म्हणाले, "अशोकान काय घाई केलान नाय." मी बी.ए.ला इतिहास घेतलेला. मी म्हटलं, "दत्ताराम, एक सांगू? तुमच्या अशोकानं कलिंग परत केलंच नव्हतं. त्याला वाईट वाटलं, त्यानं तसं दगडांवर कोरलं, पण राज्य ठेवून घेतलं. आणि कलिंगात जे दगड आहेत त्यांच्यावर तर तो पश्चात्ताप कोरलासुद्धा नाही. बाकी सगळीकडं कोरला, ज्यांना मारलं त्यांच्या गावात नाही."

त्यांनी छत्री उचलली आणि पावसात गेले. कारकून मला म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याचा देव फोडलात तुम्ही."

पुढच्या तारखेला ते येतील की नाही अशी मला धाकधूक होती. आले. नेहमीसारखे खिडकीशी उभे राहिले. खाली नवा स्पीडब्रेकर घातला होता त्याला नावं ठेवली. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "त्यान दिलान नाय आसं म्हनता ना तुमी. बरं. मंग ता ऱ्हायलेला आपन करू."

म्हणजे जिंकायचं ते जिंकायचंच. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी कोर्टानं मोजणी मागवली. मोजणीदार आला, टेबल लावलं, जमिनीच्या फाळणीचे जुने कागद निघाले, साखळी पडली. दोन्ही भाऊ त्याच्या मागं मागं, तोंडं दोन दिशांना. आणि सगळ्या वाडीला, दोन्ही वकिलांना आणि बहुधा मोजणीदारालाही धक्का बसला. हद्दीच्या खुणा निघाल्या त्या पाणंदीच्या पलीकडे, गंगारामच्या अंगणाच्या आत. पट्टी खरोखरच दत्तारामांची होती. कुण्या पिढीत गडगा सरकला होता, कुणी सरकवला ते कुणाला ठाऊक नव्हतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी आनंदानं बाहेर आले तर दत्ताराम जिन्याखाली गोंधळून उभे. "म्हंजे ती खरंच माजी व्हती?"

"तुम्हीच नाही का दावा लावलात, की तुमची आहे म्हणून?"

"मी तं गंग्याचीच समजत व्हतो."

"मग दावा कशाला लावलात?" माझा आवाज चढला. वरच्या जिन्यातून लोक डोकावले.

"त्यान झाड उपटलान म्हनून," दत्ताराम म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं हे उत्तर पुरेसं होतं. मी तिथंच जिन्यावर बसले.

त्यांनी बाजारातून पेढे घेतले आणि तडक स्टँड गाठला. वाडीदेखत देण्याएवढाही दम नव्हता त्यांना. गाडीत काय झालं ते मला त्यांनीच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. ते पुढची जागा सोडून मागं गेले, गंगारामसमोर पेढ्यांची पुडी धरली आणि म्हणाले, "गंग्या, जागा तुजी. मी सोडली."

गंगारामनं पुडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तू कोन सोडनार? मी रत्नागिरीला अपील करतोय. मना तुजी भीक नको. जागा घेईन तं जिंकून घेईन."

"आयकलान नाय वो," दत्ताराम मला सांगत होते. "सगळी गाडी बघीत व्हती. पेढे कंडक्टरला दिले मी." एवढं मोठं शरीर, पण त्या खुर्चीत मावून जागा उरत होती. मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. इतकी वर्षं मी जे सांगत होते ते अगदी आधी केलं असतं, तर त्या दिवशी पेढे गंगारामच्या घरात खाल्ले असते.

मग मी कायदा पालथा घातला. म्हटलं, बक्षीसपत्र करून द्या. पण बक्षीस घेणाऱ्यानं ते स्वीकारावं लागतं, आणि गंगाराम स्वीकारणार नव्हता. तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात लेखी कबुली, देऊ, तर तीवर दोघांच्या सह्या लागतात. गंगाराम सही करणार नव्हता. दुसऱ्याची जागा बळकवायच्या वाटा मला ढीगभर ठाऊक होत्या, पण नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात त्याची जागा कशी घालायची, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडेना.

तेव्हा दत्ताराम ते वाक्य म्हणाले. "वकीलबाय, आता ही केस आपण हरायची. रत्नागिरीला तुमी कायच बोलू नका. गप ऱ्हावा. त्याला जिंकूदे."

मी सांगितलं की वकील म्हणून मला असं करता येत नाही. ते म्हणाले, "मंग हळू बोला." शेवटी मी इतकंच कबूल केलं, की तारखा पुढं ढकलत राहीन आणि तोवर दोघांची मनं वळतात का बघू. पण हे महाशय! देवरूखच्या हॉटेलात, शेजारच्या टेबलावर गंगाराम बसलेला असताना, भिंतीशी बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "आमी आता कोर्टात काय बोलनार नाय. ज्याला जिंकायचं आसंल त्यानं जिंका."

पुढच्याच तारखेला रत्नागिरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात गंगारामनं मला गाठलं. प्रतिपक्षानं माझ्याशी असं परस्पर बोलू नये, पण ते त्याला कोण सांगणार? तो ओरडला, "तुमच्या अशिलाला सांगा, नीट लढ म्हनावं! त्यानं सोडलेला दावा जिंकून मी वाडीत तोंड कसा दावू? जनमभर मना कमीच लेखलान त्यानं!"

मी दत्तारामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाले, "बरं. मंग लढा." आणि थोड्या वेळानं, "पन जिंकू नका." त्या दिवशी मी खरोखर हात टेकले.

एकानं जिंकल्याशिवाय द्यायचं नाही, दुसऱ्यानं जिंकल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि दोघांचा जीव एकमेकांत अडकलेला. मला घरी स्वयंपाक करतानासुद्धा हे आठवून भांडी आपटावीशी वाटत. नवरा म्हणायचा, सोड ती केस. पण मी सोडली असती तर दत्ताराम "अशोकानसुद्धा सोडलान नव्हता" असं म्हणून केळी ठेवून गेले असते.

रत्नागिरीच्या तारखा त्यांना झेपेनाशा झाल्या. लांबचा प्रवास, गाडीचे धक्के, दत्तारामांना दम लागायचा आणि गंगारामचे गुडघे गेलेले. तरी दोघं यायचेच, एकाच गाडीनं. विहिरीवरचा वड आता चांगला बुंधा धरून उभा होता आणि त्याची मुळं गंगारामच्या गडग्यात शिरली होती, अगदी त्यानं सांगितलं होतं तशी. सुताचे जुने-नवे वेढे त्याच्यावर होते म्हणून कुणी कुऱ्हाड लावत नव्हतं.

मी दत्तारामांना शेवटचं बघितलं ते रत्नागिरीच्या स्टँडवर. दुपारची वेळ, कोर्टात पुढची तारीख पडलेली, मी रिक्षा शोधत होते. देवरूखची गाडी लागली होती आणि दारात वाद चालला होता. बघते तर दत्ताराम, एक पाय पायरीवर, एक खाली, छत्री आडवी धरलेली.

"मामा, आत व्हा नाहीतर उतरा," कंडक्टर ओरडत होता.

"अजून यक मानूस यायचाय."

गंगाराम फलाटावरून पाय ओढत येत होता. लांब होता अजून. दत्ताराम ना त्याला हाक मारत होते ना त्याच्याकडे बघत होते. तो दारापाशी आल्यावर ते बाजूला झाले. गाडी भरलेली होती. खिडकीतून मला दिसलं, दत्तारामांनी आपल्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ती धरून ठेवली होती. ते बसले, रुमाल उचलला आणि जागा मोकळी करून खिडकीबाहेर बघायला लागले. गंगाराम बसला नाही. गुडघे गेलेला तो माणूस वरचा दांडा धरून, त्या रिकाम्या जागेशेजारी उभा राहिला. एका बाईनं "इथं कोणी आहे का?" असं विचारलं असावं, कारण दत्तारामांनी घाईनं मान हलवली आणि रुमाल पुन्हा टाकला. गाडी सुटली. मी फलाटावर उभी राहून, लोकांदेखत, मोठ्यानं म्हणाले, "बसा की हो!" ते कुणालाच ऐकू गेलं नसणार.

पुढची तारीख यायच्या आधीच दत्ताराम गेले. घरातच, सकाळी चहा घेता घेता. मुलगा नालासोपाऱ्याहून आला, दिवस केले, आणि मला फोनवर म्हणाला की त्या जागेत त्याला काही रस नाही.

त्यानंतर एका सकाळी गंगाराम माझ्या ऑफिसात आला. मी सांगितलं की तुम्ही तुमच्या वकिलाकडे जायला हवं. तो म्हणाला, "त्याला काय म्हायती? तुमाला म्हायती हाय." असं म्हणून तो खुर्चीवर न बसता खिडकीशी उभा राहिला. मी त्याला सांगितलं की अपील चालवायचं असेल तर दत्तारामांचे वारस लावावे लागतील, म्हणजे मुलगा.

"त्या पोराबरूबर मी काय लढू?" तो म्हणाला. "त्याला पानंद कुठनं सुरू व्हते ता तरी ठावं हाय काय? आनि जिंकलो तं सांगू कोनाला?"

मी फाईल मिटली. थोड्या वेळानं तो आपणच म्हणाला, "शाळंत ती ओळ मीच सांगितली त्याला. गुरुजींनी उभा केलान तं त्याला काय येत नव्हतं. मी मागनं कुजबुजलो, रस्त्याच्या दुतर्फा झाडं. पाठ थोपटली त्याची." दत्ताराम नेमकं उलटं सांगायचे. खरं काय याला आता पुरावा नाही, आणि असता तरी मला तो नको होता.

जायला निघाला तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी रत्नागिरीहून येताना तुम्ही गाडीत उभेच राहिलात? शेवटपर्यंत?"

"नाय," गंगाराम म्हणाला. "हातखंब्याच्या फाट्याम्होरं बसलो. पाय थरथराय लागले."

"मग? काही बोलले?"

"म्हनला, म्होरची तारीख कदी?"

"आणि तुम्ही?"

गंगारामनं दाराची कडी धरली होती. ती त्यानं दोनदा उगाचच वरखाली केली.

"मी सांगितली. आनि म्हनलं, येळेत यं. या खेपेला मी जागा धरतो."